जमीन हा युनियनचा विषय नाही म्हणता?



आमच्या शाखेच्या सभेत मध्यंतरी एक प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय हा लेख सुरू करता येत नाही. आमच्या भागात तिसऱ्या लाइनचे काम चालू आहे. खडी ओढणारे, स्लीपर उचलणारे मजूर कंत्राटदाराचे, आणि बहुतेक सगळे आदिवासी. बायकापोरांसह लाइनीच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्यांत राहतात. दोन महिन्यांची मजुरी थकली म्हणून त्यांनी एक दिवस काम बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम माणसे घेऊन आला आणि झोपड्या मोडून गेला. तिसऱ्या दिवशी मजुरी मागायला तिथे कोणी उरलेच नव्हते.

आम्ही सभेत ठराव मांडला की, थकलेली मजुरी आणि राहण्याची जागा हे दोन्ही प्रश्न युनियनने हाती घ्यावेत. तेव्हा एक ज्येष्ठ साथी उभे राहिले. आमच्यापेक्षा जुने सभासद, तुरुंगात जाऊन आलेले. ते म्हणाले, ''मजुरीचं काय ते बोला. जागेचं, जमिनीचं काढू नका. जमीन हा युनियनचा विषय नाही.'' टाळ्या पडल्या. ठराव पुढच्या सभेवर गेला.

त्या टाळ्या आमच्या कानातून अजून गेलेल्या नाहीत. म्हणून आज आम्ही एका संपाची हकीकत सांगणार आहोत. तो संप आपल्या देशातला नाही. तो झाला ऑस्ट्रेलियात, १९६६ साली, आणि केला तिथल्या आदिवासी गुराख्यांनी. त्यांच्याकडे युनियनचे कार्यालय नव्हते, फंड नव्हता, बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. तो संप नऊ वर्षांना एक आठवडा कमी इतका चालला. ज्यांना वाटते की जमीन हा युनियनचा विषय नाही, त्यांनी हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा आणि मग टाळ्या वाजवाव्यात.

आधी एक खुलासा. ऑस्ट्रेलियात 'स्टेशन' म्हणतात ते आपले स्टेशन नव्हे. तिथे प्लॅटफॉर्म नाही, सिग्नल नाही, चहाची टपरी नाही. स्टेशन म्हणजे गुरांचा किंवा मेंढ्यांचा प्रचंड मोठा मळा, आपल्याकडचे तालुकेच्या तालुके त्यात मावतील एवढा. उत्तर भागातल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात, डार्विन शहराच्या दक्षिणेला, असेच एक स्टेशन आहे, वेव्ह हिल. हा मुलूख गुरिंदजी लोकांचा. १८८३ साली वसाहतीच्या सरकारने तो एका गोऱ्या पशुपालकाला पट्ट्याने देऊन टाकला. गुरिंदजींना विचारले नाही, कळवलेही नाही. कळले ते गुरे पाणवठ्यांत उतरली तेव्हा. ज्यांनी विरोध केला त्यांच्यावर बंदुका चालल्या. त्या गोळीबारांच्या आठवणी गुरिंदजींच्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगून जतन केल्या आहेत.

पुढे १९१४ साली हे स्टेशन वेस्टी नावाच्या इंग्रज कंपनीने घेतले. मालक बसले लंडनमध्ये. मांसाचा धंदा, जहाजे, शीतगृहे, सगळे त्यांचेच. आणि ज्यांची जमीन होती तेच त्यांचे गुराखी झाले. पुरुष घोड्यावरून गुरे वळायचे, बायका साहेबाच्या घरी धुणी-भांडी करायच्या. मोबदला काय? पीठ, खारवलेले गोमांस, साखर, चहाची पूड, तंबाखू आणि हातावर टेकवलेले थोडे पैसे. गोऱ्या गुराख्याच्या पगाराशी त्याची तुलना करायलाही लाज वाटावी. राहायला पत्र्याची खोपटी, वाकून आत शिरावे लागेल अशी. जमीन मातीची, दिवा नाही, संडास नाही.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूर कमी पडू लागले तेव्हा खुद्द वेस्टी कंपनीनेच रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याला पाहणीसाठी नेमले होते. १९४४ ते १९४६ या काळात त्यांनी स्टेशने हिंडून पाहिली. बारा वर्षांखालची मुले कामाला जुंपलेली, अन्न अपुरे, घरे माणसांनी राहण्यासारखी नाहीत, बायकांवर गोऱ्या पुरुषांचे अत्याचार, असे सगळे त्यांनी लिहून दिले. कंपनीने त्या अहवालावर काय केले? काही नाही. तो पुस्तकरूपाने छापून लोकांसमोर आला १९८७ साली, चाळीस वर्षांनी. आपल्याकडे समित्यांचे अहवाल कपाटात पडतात म्हणून आपण कपाळावर हात मारतो. हा रोग जगभरचा आहे.

आता युनियनकडे वळू, कारण इथेच आमच्या ज्येष्ठ साथींनी कान टवकारायला हवेत.

नॉर्दर्न टेरिटरीत गुरांच्या स्टेशनवरील कामगारांना वेतनाचा निवाडा लागू होता. पण त्या निवाड्यात कलमच असे होते की आदिवासी कामगार त्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे काम तेच, घोडा तोच, ऊन तेच, पण हा 'कामगार' नाही! टपाल खात्यातील साथींना हे समजावून सांगायला नको. ग्रामीण डाक सेवक टपाल वाटतो, पैसे हाताळतो, शाखा डाकघरासाठी जागासुद्धा त्याने स्वतः द्यायची, पण तो खात्याचा नियमित नोकर नाही. कलमाच्या एका ओळीत माणूस कामगारपणातून कसा बाहेर फेकला जातो ते आपण रोज पाहतो.

१९६५ साली नॉर्थ ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने हे कलम काढण्यासाठी लवाद आयोगाकडे अर्ज केला. चांगली गोष्ट केली. पण त्या सबंध सुनावणीत एकाही आदिवासी कामगाराची साक्ष झाली नाही. ज्याच्या पोटाचा प्रश्न त्याला सोडून बाकी सगळे बोलले. मालकांचे वकील होते जॉन केर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल. मालकांचे म्हणणे असे की आदिवासी माणूस गोऱ्याएवढे काम करत नाही, समान पगार द्यावा लागला तर त्याला काढून टाकावे लागेल, म्हणजे नुकसान त्याचेच. किती कळवळा! मार्च १९६६ मध्ये आयोगाने निकाल दिला. समान वेतनाचे तत्त्व मान्य, पण अंमल १ डिसेंबर १९६८ पासून. का? मालकांना तयारीला वेळ मिळावा म्हणून. उपाशी माणसाला ताट वाढले आणि सांगितले, पावणेतीन वर्षांनी जेव.

युनियनचे वरचे पुढारी अर्धवट समाधानी, अर्धवट गप्प. एका ठिकाणी, न्यूकॅसल वॉटर्स नावाच्या स्टेशनवर, १९६६ च्या मे महिन्यात संप झाला. तो तेवढ्यापुरता ठेवावा, सगळीकडे पसरू नये असे पुढाऱ्यांचे मत. पण युनियनचा एक संघटक होता, डेक्स्टर डॅनियल्स, स्वतः आदिवासी. डार्विनच्या इस्पितळात त्याची गाठ पडली वेव्ह हिलच्या एका गुराख्याशी, कामावर जखमी होऊन तो तिथे आला होता. त्याचे नाव व्हिन्सेंट लिंगियारी. इस्पितळाच्या खाटेवर काय बोलणे झाले ते त्या दोघांनाच ठाऊक. पण लिंगियारी परत गेला आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजी सुमारे दोनशे माणसांनी वेव्ह हिल सोडले. गुराखी, स्वयंपाकघरातल्या बायका, म्हातारे, कडेवरची पोरे, सगळे पायी निघाले आणि व्हिक्टोरिया नदीच्या कोरड्या पात्रात मुक्काम ठोकला.

मागणी काय होती? आठवड्याला २५ डॉलर. युनियनला, वर्तमानपत्रांना, सरकारला, सगळ्यांना वाटले की हा पगाराचा संप आहे. मालकांनाही तसेच वाटले आणि तसेच वाटावे अशी त्यांची इच्छा होती, कारण पगाराचा संप मिटवता येतो. थोडे वाढवून द्या, गुरांचे मांस पाठवा, भूक लागली की येतील परत. पगारवाढीची तडजोड पुढे आलीसुद्धा. गुरिंदजींनी ती घेतली नाही.

फ्रँक हार्डी नावाचा कम्युनिस्ट लेखक त्या काळात त्यांच्यात जाऊन राहिला. १९६८ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. तो गेला होता पगाराचा लढा पाहायला, आणि त्याला हळूहळू उमगले की हे लोक बोलताहेत ते पगाराबद्दल नव्हे, जमिनीबद्दल. वेस्टीच्या गुरांपासून आपली माती मोकळी करून तिथे आपलेच स्टेशन चालवायचे, असे त्यांच्या मनात होते. मार्च १९६७ मध्ये त्यांनी नदीचे पात्र सोडले आणि आपल्या पवित्र जागांजवळ, वॉटी क्रीक या ओढ्याकाठी, डगुरागू येथे नवी वस्ती केली. ही जमीन कागदोपत्री वेस्टीच्या पट्ट्यातली. म्हणजे कायद्याच्या भाषेत हे अतिक्रमण! तिथे त्यांनी हार्डीकडून एक पाटी रंगवून घेतली, 'गुरिंदजी' असे नाव असलेली. आपल्या नावाची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, पण पाटी लागली पाहिजे एवढे पक्के कळत होते.

आता आम्ही आमच्या ज्येष्ठ साथींना विचारतो. पगाराचे बोला, जमिनीचे नको, असे गुरिंदजींना कोणी सांगितले असते आणि त्यांनी ऐकले असते तर काय झाले असते? हा कल्पनेचा प्रश्न नाही. त्याचे उत्तर इतिहासात नोंदले आहे. १ डिसेंबर १९६८ ला समान वेतन लागू झाले आणि उत्तरेतल्या स्टेशनांवरून आदिवासी कुटुंबे बाहेर काढली जाऊ लागली. मालकांनी कुंपणे घातली, हेलिकॉप्टरने गुरे वळवायला सुरुवात केली, मोजके गोरे कामगार ठेवले. ज्या मातीवर पिढ्यान् पिढ्या राहिलो तिथून हाकलल्यावर माणसे गावांच्या कडेला, सरकारी वस्त्यांत, भत्त्यावर येऊन पडली. कागदावर पगार समान झाला, पण तो घ्यायला कामावर माणूसच राहिला नाही. वेतनाचा हक्क जिंकला आणि पायाखालची जमीन गेली. खोपटे मालकाचे, विहीर मालकाची, रस्ता मालकाचा असेल तर पगारवाढ ही मालकाने दिलेली आणि मालकाने काढून घेण्याजोगी वस्तू आहे. हे लिंगियारीला कळले होते आणि लवाद आयोगासमोर उभ्या असलेल्या विद्वानांना कळले नव्हते.

आणि आपल्याला तरी हे नवीन आहे का? १९७४ चा संप आठवा. ८ मे ते २७ मे, वीस दिवस. आमचे वडील गँगमन होते, आम्ही तेव्हा लहान. त्या वीस दिवसांत आमच्या घरात सगळ्यात मोठी भीती कशाची होती? पगाराची नव्हे. भीती होती क्वार्टर खाली करायला लावतील याची. ठिकठिकाणी लावलीच. भांडीकुंडी बाहेर फेकली, बायकापोरे रस्त्यावर. वडील दिवसभर घराबाहेर लपलेले असायचे आणि आई दाराला आतून कडी घालून बसायची. तिला संपाच्या मागण्या पाठ नव्हत्या, पण दार उघडायचे नाही हे माहीत होते. लाखो माणसांचा, देश हलवणारा संप, त्याच्या मानगुटीवर सरकारचा एक हात क्वार्टरच्या किल्लीच्या रूपाने होता. गुरिंदजी दोनशे माणसे, पण ती मालकाच्या खोपटातून उठून स्वतःच्या भूमीवर जाऊन बसली. मासे धरले, शिकार केली, कंदमुळे खणली. वीस दिवस आणि नऊ वर्षे यांतला सगळा फरक एवढ्यानेच पडला असे आम्ही म्हणत नाही. पण हा फरक ज्याला दिसत नाही त्याने संप चालवण्याच्या गोष्टी सांगू नयेत.

यापूर्वीही हे घडले होते. त्याच देशाच्या पश्चिमेला पिलबारा नावाचा भाग आहे. तिथे मेंढ्यांच्या स्टेशनांवरील किमान आठशे आदिवासी कामगार १ मे १९४६ रोजी एकाच दिवशी काम सोडून गेले. एकाच दिवशी! शेकडो मैलांवर विखुरलेली माणसे, फोन नाही, पत्र वाचता येत नाही, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे आदिवासीने नोकरी सोडून जाणे हाच गुन्हा. १९४२ मध्ये निरनिराळ्या भाषा बोलणारे सुमारे दोनशे वडीलधारे एकत्र जमले, दुभाषे लावून चर्चा केली आणि महायुद्ध संपेपर्यंत थांबायचे ठरवले. मग डूली बिन बिन, क्लॅन्सी मॅकेना आणि त्यांचा गोरा सोबती डॉन मॅक्लाउड यांनी तारीख पोचवली. डूलीने वस्तीवस्तीवर साधी कॅलेंडरे नेऊन दिली. रोज एक दिवस खोडत जायचे, खुणेचा दिवस आला की चालू लागायचे. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सभेची सूचना तीनदा टाकूनसुद्धा कोरम भरत नाही!

पकडापकडी झाली, साखळ्या पडल्या, मॅक्लाउडलाही अटक झाली. तीन वर्षे लोक टिकले ते कथील पाखडून. त्या भागातल्या आदिवासी बायका लाकडी पाटीत धान्य पाखडायच्या, अगदी आपल्या सुपासारखे. त्याच हाताने त्यांनी मातीतून कथिलाची खडी वेगळी काढली, शेळ्यांची कातडी विकली, समुद्रातल्या शिंपा गोळा केल्या. आणि १९४९ साली खलाशांच्या युनियनने संपातल्या स्टेशनांची लोकर जहाजावर चढवायला नकार दिला तेव्हा मालकांचा आणि सरकारचा ताठा उतरला. त्यातले कितीतरी संपकरी स्टेशनवर परत गेलेच नाहीत. स्वतःची सहकारी मंडळी काढून राहिले.

खलाशांचा हा बहिष्कार मुद्दाम सांगितला. गुरिंदजींच्या बाबतीतही तसेच. डार्विनचा एक गोदी कामगार, ब्रायन मॅनिंग, आपली जुनी बेडफर्ड ट्रक घेऊन पीठ, साखर, तंबाखू भरून शेकडो मैल खडबडीत रस्त्याने नदीच्या पात्रापर्यंत जायचा. त्या ट्रकच्या खेपा थांबल्या असत्या तर पहिल्या पावसाळ्यातच संप मोडला असता. गोदी कामगारांच्या युनियनने वर्गणी जमवली. गुरिंदजींची माणसे सिडनी-मेलबर्नला जाऊन कारखान्यांच्या दारात, गोदीत बोलली. तिथल्या गोऱ्या कामगारांपैकीही कोणी म्हणाले असेलच की, आपला बोनस राहिला बाजूला आणि हे गुराखी कुठून आले? पण वर्गणी पडली. पुढारी कचरत होते तेव्हा साध्या सभासदांनी पुढाऱ्यांना पुढे ढकलले. हे आमच्यासारख्या सेक्रेटऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

सरकारचे वागणे कसे होते? एप्रिल १९६७ मध्ये गुरिंदजींनी गव्हर्नर जनरल लॉर्ड केसी यांना अर्ज पाठवला. ही जमीन आमची आहे, आमच्याकडून घेतली गेली, त्यातली सुमारे ५०० चौरस मैल परत द्या. जूनमध्ये नकार आला. मधल्या काळात, २७ मे १९६७ ला, आदिवासींसंबंधी घटनादुरुस्तीचे सार्वमत झाले आणि ९० टक्क्यांहून अधिक गोऱ्या-काळ्या ऑस्ट्रेलियाने 'होय' म्हटले. सदिच्छेला तोटा नव्हता, जमिनीला होता! पुढे सरकारने वेव्ह हिलच्या सरकारी वस्तीत घरे बांधून दिली, या इकडे राहायला. गुरिंदजी डगुरागूहून हलले नाहीत. घर कोणाच्या जमिनीवर आहे, हा त्यांचा एकच प्रश्न. १९७१ मध्ये दुसऱ्या एका आदिवासी समाजाच्या दाव्यात न्यायालयाने सांगितले की, असा सामुदायिक हक्क इथल्या कायद्याला ठाऊक नाही. जानेवारी १९७२ मध्ये पंतप्रधानांनी पुन्हा नकार दिला आणि आदिवासी तरुणांनी कॅनबेऱ्यात संसदेसमोर तंबू ठोकून त्याला 'दूतावास' असे नाव दिले. आपल्याच देशात दूतावास! याहून बोचरा शब्द कोणी शोधला नसेल.

१९७२ च्या शेवटी मजूर पक्षाचे सरकार आले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम डगुरागूला गेले आणि त्यांनी मूठभर लाल माती लिंगियारीच्या तळहातावर ओतली. तो फोटो मर्व्हिन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने काढला आणि जगभर गेला. पट्टा मिळाला ३,२३६ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अर्जात जेवढी मागितली होती तिच्या सुमारे अडीच पट. मागणी कमी करा, झेपेल तेवढेच मागा, असे सल्ले ज्यांनी त्यांना दिले असतील त्यांना हा आकडा दाखवावा.

आता ते नाव. लवादापुढे मालकांची बाजू मांडणारे जॉन केर १९७४ मध्ये गव्हर्नर जनरल झाले होते. ११ नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी व्हिटलम यांना पदावरून दूर केले. त्या मातीच्या समारंभाला तीन महिनेही झाले नव्हते. या दोन गोष्टींचा परस्पर संबंध होता असे आम्ही म्हणत नाही, कारण बरखास्तीची कारणे वेगळी होती. पण वर्ग आपली माणसे कुठे कुठे बसवतो ते पाहण्यासारखे असते. गंमत अशी की नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी जमीन हक्क कायदा १९७६ साली मंजूर झाला तो नव्या, मालकधार्जिण्या सरकारच्या काळात. त्यांनाही तो टाळता आला नाही. डगुरागूचा पट्टा जाऊन पूर्ण मालकी आली १९८६ मध्ये. लिंगियारी जानेवारी १९८८ मध्ये वारला. ती भूमी कोणाचीच नव्हती, हे थोतांड देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले ते १९९२ साली, माबो खटल्यात. आणि वेव्ह हिल स्टेशनच्या सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरवर गुरिंदजी व त्यांच्या शेजाऱ्यांचा मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे २३ ऑगस्टला निघालेल्या माणसांच्या नातवंडांना.

आम्ही गोड गोष्ट सांगायला बसलेलो नाही. जमीन मिळाली म्हणून गुरिंदजींचे सगळे दुःख फिटले असे नाही. भांडवल नव्हते, गुरांचा धंदा पुढे अडचणीत आला, गरिबी आणि आजार आहेतच. २००७ मध्ये सरकारने 'हस्तक्षेप' म्हणून नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांचा ताबाच घेतला, भत्त्याचे पैसे कशावर खर्च करायचे तेही वरून ठरू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आदिवासींना संसदेपुढे घटनात्मक आवाज देण्याचे सार्वमत झाले, त्याला सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. १९६७ चे ते नव्वद टक्के कुठे गेले?

आणि पगार? तोही बाकीच होता. आदिवासी कामगारांचे वेतन सरकारी कायद्याखाली अडकवून ठेवल्याबद्दल क्वीन्सलंड राज्याला २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नॉर्दर्न टेरिटरीतल्या १९३३ ते १९७१ या काळातल्या कामगारांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये खर्चासह २० कोटी २० लाख डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले. ज्यांनी घाम गाळला त्यातले किती जण हे पैसे घ्यायला जिवंत असतील? आपल्याकडे कॅज्युअल लेबरची जुनी सेवा पेन्शनला धरण्याचे दावे ज्यांनी लढवले आहेत, त्यांना विधवांच्या नावाने आलेले निकाल माहीत आहेत. ऑस्ट्रेलियाचे ऐकून आम्हाला ते कागद आठवले.

पगाराच्या लढ्याला आम्ही कमी लेखत नाही, साथींनो. डी.ए., बोनस, जुनी पेन्शन यांसाठी आम्ही आयुष्य घालवले आहे. आमचे भांडण एवढ्याशीच आहे की, कायम नोकरीवाला कामगार आपल्या क्वार्टरमध्ये बसून बिनघराच्या कामगाराला सांगतो, तुझ्या घराचे बोलू नकोस. आणि त्याच वेळी खाते कायम जागा रद्द करत जाते, ते काम कंत्राटदाराला देते, कंत्राटदार ताडपत्रीतल्या माणसाला देतो. ज्याच्या झोपडीचा प्रश्न आपण सभेतून उडवून लावला, उद्या त्याच्याच मजुरीशी तुलना करून आपल्या पोराचा पगार ठरणार आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

ज्येष्ठ साथींबद्दल आमच्या मनात आदर आहे. ते तुरुंगात गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. पण त्यांच्याही घराचे सामान तेव्हा क्वार्टरबाहेर पडले होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितले आहे. ते त्यांनी सभेत सांगावे अशी आमची विनंती आहे.

ठराव पुढच्या सभेत पहिल्याच क्रमांकावर घेतला आहे. मजुरी आणि जागा, दोन्ही, एकाच ठरावात. झोपड्या मोडलेल्यांपैकी अकरा कुटुंबे पुढच्या गेटजवळ सापडली आहेत, त्यांच्या हजेरीच्या चिठ्ठ्या आम्ही गोळा केल्या आहेत. त्यांच्यातले दोघे सभेला येतील आणि स्वतः बोलतील. येताना पावती पुस्तक आम्ही आणणार आहोत.